तिसरा सिलिंडर

गाडी घ्यायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. ती ह्यांची हौस.

हे बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण ह्यांनी घरी काढलेले महिने एकापुढे एक मांडले असते तर त्यांचं एक वर्षही भरलं नसतं. सासू-सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. माझं माहेर खेडला, म्हणजे उठलं आणि गेलं असं नाही. रत्नागिरीत गावाच्या कडेला आमचं कौलारू घर, पुढे माड, बाजूला पत्र्याची शेड आणि त्यात राहणारी मी एकटी. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, एका गावात हायस्कूलमध्ये मी शिकवत असे. सकाळची एसटी चुकली की पुढची थेट दुपारी. दोनतीनदा अशी चुकल्याचं मी बोलता बोलता सांगितलं, तर ह्यांनी त्याच सुट्टीत बदली होऊन निघालेल्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेऊन टाकली.

फिकट निळी गाडी, गिअर स्टिअरिंगपाशी, दारांच्या खालच्या कडा खाऱ्या हवेने खाल्लेल्या. मला शिकवायला हे सड्यावर घेऊन जायचे. तिथे धडकायला कातळाशिवाय काही नव्हतं. ह्यांना बोलायची सवय कमी. शेजारी बसून एवढंच म्हणायचे, "ऐक. गाडी सांगते कधी गिअर बदलायचा ते." मी ऐकायचे. मला काहीच ऐकू यायचं नाही. पण सुट्टी संपायच्या आत मी शाळेपर्यंत गाडी नेऊन आणायला लागले. बाई गाडी चालवते म्हणून रस्त्यावर पोरं पळत यायची, आणि एसटीचे ड्रायव्हर वाट देताना खिडकीतून वाकून बघायचे.

मग हे बोटीवर गेले. आता घरात आवाज करणाऱ्या दोन गोष्टी उरल्या. एक ही गाडी, आणि दुसरा ह्यांनी परदेशातून आणलेला टेपरेकॉर्डर. त्या काळी बोटीवरच्या माणसांच्या घरी हा टेप असायचाच. पत्रापेक्षा कॅसेट बरी, माणसाचा आवाज तरी ऐकू येतो. मुंबईच्या एजंटच्या ऑफिसात पाठवायची, तिथून ती कुठल्या तरी बंदरात ह्यांना मिळायची. मला मात्र त्या यंत्रापुढे बसलं की काही सुचायचं नाही. शाळेत काय झालं, माडावर किती नारळ राहिले, कुणाचं लग्न ठरलं, असं सगळं सांगून झालं तरी कॅसेटची निम्मी बाजू शिल्लक राहायची. कधी येणार, हे विचारायचं नाही असं मी स्वतःशी ठरवलं होतं. ते ह्यांच्याही हातात नसायचं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि गाडीने कुरकुर सुरू केली. शाळेच्या अलीकडे एक लांब चढ आहे. तिथे गाडी उचकी लागल्यासारखी अडखळायला लागली. पाय दाबला तरी जोर नाही. चौकात उभी केली की सगळं अंग थरथरायचं आणि ती थरथर स्टिअरिंगमधून माझ्या मनगटापर्यंत यायची. एकदा तर त्या चढावर ती बंदच पडली. मागे ट्रक उभा राहिला. ड्रायव्हरने उतरून गाडी कडेला ढकलायला मदत केली आणि आत डोकावून विचारलं, "साहेब नाहीत?"

नाचणे गावाच्या रस्त्याला एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री पन्नाशीचे, स्वभावाने चांगले, पण त्यांच्यापुढे कायम दोनतीन ट्रक उघडे पडलेले असायचे. त्यांनी बॉनेट उघडून क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "मिसिंग मारतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे चारांतला एक नीट पेटत नाही. प्लग बदलूया."

प्लग बदलले. दोन दिवस मला वाटलं, बरी झाली. मग पुन्हा तो चढ आणि पुन्हा ती उचकी. दुसऱ्या वेळी त्यांनी ठिणगीचे पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुतला. तरी तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते एका ट्रकखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "काय ओ बाई, परत मिसिंग? जुनी गाडी आहे. हळूहळू चालवा. साहेब आले की बघू."

त्यांनी हे तोडून म्हटलं नव्हतं. पण ते वाक्य मी त्या वर्षात सगळ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. कौलं परतणाऱ्याने हेच सांगितलं, विहिरीचा पंप बघायला आलेल्यानेही हेच. जणू घर, विहीर, गाडी आणि मी, सगळ्यांना कुणीतरी झाकण लावून ठेवलं होतं आणि साहेब आल्यावर ते उघडायचं होतं. गॅरेजमधून परतताना मी पहिल्या गिअरवरच बराच वेळ गेले. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

त्या रविवारी सकाळी मी टेपरेकॉर्डर शेडमध्ये नेला. गाडीचं बॉनेट उघडलं, बाजूला स्टूल ठेवून त्यावर टेप ठेवला आणि लाल बटण दाबलं. "गाडी मिसिंग मारते," मी म्हटलं. "प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला. तरी तसंच. आता ऐका." मग गाडी सुरू केली. आधी ती नुसती चालू ठेवली, मग रेस दिली, पुन्हा सोडली. इंजिन गुरगुरत होतं, मध्येच एक घास चुकल्यासारखं करत होतं. मला कॅसेटवर बोलायला कधी इतकं सोपं गेलं नव्हतं. बाजू संपत आली तेव्हा मी टेपजवळ वाकले आणि जे कधी विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारलं. "कधी येताय?" इंजिन चालूच होतं. मग बटण उठलं.

कॅसेट पाठवली आणि वाट बघायला लागले. गाडी तशीच चालवत राहिले. चढ आला की पुढे वाकून बसायचे, जणू माझ्या वाकण्याने तिला जोर मिळणार होता. नाताळची सुट्टी आली, गेली. संध्याकाळी शाळेतून आलं की शेडमध्ये गाडी लावायची, घराचं कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, एका माणसाचा भात टाकायचा. भात एका माणसाचा नेहमी जास्तच होतो. शेजारी एक काकू राहायच्या, नवरा गेलेला, मुलगा मुंबईला. आमच्या कुंपणाला फाटक होतं, पण आम्ही दोघी त्याच्या आपापल्या बाजूला उभ्या राहूनच बोलायचो. "पाणी आलं का गो?" "आलं." एवढंच.

जानेवारीत ह्यांच्या बोटीवरून उतरलेला, जवळच्या भाट्ये गावचा एक माणूस सुट्टीवर आला. त्याने साबणाच्या वड्या, चॉकलेटं आणि एक कॅसेट आणून दिली. चहाही न घेता गेला, त्याची बायको रिक्षात बसली होती. दोघं रिक्षातून जाताना मी बघत राहिले आणि मग दार लावून टेप सुरू केला.

"हॅलो, हॅलो. चालू आहे ना," ह्यांचा आवाज आला. मागे बोटीच्या इंजिनाची धडधड. "इंजिन ऐकलं. मी ऐकलं, आमच्या सेकंड इंजिनिअरने ऐकलं. एक सिलिंडर मेलेला आहे. कुठला ते तू शोधायचंस. मी सांगतो तसं कर. आधी टेप घेऊन गाडीपाशी जा. मी थांबतो."

आणि हे खरंच थांबले. टेपवर नुसती बोटीची धडधड राहिली. मी गडबडीने टेप उचलला आणि चालता चालताच, तो वाजत असतानाच, शेडमध्ये आले.

"आलीस?" ह्यांनी विचारलं.

"आले," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मग आजूबाजूला बघितलं.

ह्यांनी नीट सांगितलं होतं. पदर खोचून घे, पंख्यात जाईल. हाताला रबर गुंडाळ, नाहीतर झटका बसेल. इंजिन चालू असताना माझा आवाज ऐकू येणार नाही, तेव्हा आधी सगळं ऐकून घे, टेप बंद कर आणि मग कर. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी गचके खायला लागलं तर तो सिलिंडर जिवंत आहे, वायर परत लाव. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो मेलेला.

परसातल्या नळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला होता. तो सोडून हाताला गुंडाळला. गाडी सुरू केली आणि पहिली वायर ओढली. इंजिन एकदम खाली बसलं, सगळी गाडी हलली, बंद पडेल असं वाटलं. घाईने वायर परत लावली. दुसरीलाही तसंच. तिसरी ओढली आणि वाट बघत राहिले. काही झालं नाही. इंजिन आधी जसं चालत होतं तसंच चालत राहिलं. मी वायर लावली, पुन्हा काढली. त्याला फरकच पडत नव्हता. हातात ती वायर धरून मी तिथे जरुरीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

इंजिन बंद करून टेप लावला.

"मिळाला? बरं. आता त्याचा प्लग काढ आणि शेजारच्याला लाव, शेजारचा इकडे. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग वाईट. तिथेच राहिला तर आत काहीतरी आहे. पाना डिकीत आहे, लाल फडक्यात. इंजिन गरम असेल, दोन मिनिटं जाऊ दे. थांबतो."

या वेळी हे बराच वेळ थांबले. पाना शोधताना, प्लग फिरवताना मला मागे बोट ऐकू येत होती. ह्यांच्या पुढे कप असावा, तो खाली ठेवल्याचा आवाज झाला. खाकरले. कुणीतरी दार उघडून हिंदीत काही विचारलं, तर ह्यांनी दबक्या आवाजात त्याला घालवलं, "रेकॉर्डिंग चालू है, बाद में." मग पुन्हा धडधड. लग्नानंतर आम्ही दोघं एका कामात असे एकत्र कधी गुंतलो नव्हतो. प्लग लावून झाला तरी मी पाना हातात घेऊन बसून राहिले, हे पुढचं बोलेपर्यंत.

"झालं?"

"झालं."

प्लग बदलून दोष हलला नाही. तिसरा तो तिसराच. मग ह्यांनी शेवटची गोष्ट सांगितली. इंजिन बंद, गिअर मोकळा, पुढून गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल लावायचं आणि सावकाश फिरवायचं. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हा हँडल हाताला अडतं, जोर लावावा लागतो, मग सुटतं. चारही सिलिंडर ओळीने अडायला हवेत. एखादा अडला नाही तर त्यात हवा टिकत नाही, कुठून तरी निसटते आहे. "धूर सोडणारा व्हॉल्व्ह जळला असेल तर ती हवा सायलेन्सरमधून येते. हँडल फिरवताना कुणाला तरी मागे पाइपाशी कान द्यायला सांग. कुणी असेल ना?"

पुन्हा थांबले. या वेळी थांबण्यात काम नव्हतं, मला वाटतं ह्यांनाच तो प्रश्न विचारून झाल्यावर काही सुचलं नसावं. मग म्हणाले, "तुझ्या कॅसेटच्या शेवटी तू काहीतरी म्हणालीस. तीनतीनदा मागे घेऊन ऐकलं. इंजिनात बुडालंय ते. गाडीचंच काही असेल तर पुन्हा सांग." आणि बाजू संपली.

मी कुंपणापाशी गेले. काकू अंगणात कोकमं निवडत होत्या. फाटक उघडून पलीकडे गेले तशा त्या उठून उभ्याच राहिल्या, "काय झालं गो?"

"काकू, माझ्या गाडीच्या मागे कान लावून बसाल का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांना काळं लागलेलं होतं, पदर खोचलेला. त्यांनी पाट उचलला आणि माझ्यामागून आल्या. शेडमध्ये गाडीच्या मागे पाट मांडून त्या बसल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि पाइपाशी कान नेला. मी पुढे हँडल धरलं. पहिला अडला. जोर लावला, सुटला. मग पुन्हा अडला. मग एकदम हँडल हातातून निसटल्यासारखं सहज फिरलं.

"अगो!" मागून काकू ओरडल्या. "ह्याने उसासा टाकला!"

"नक्की?"

"अगो, माझ्या कानात टाकला की. परत फिरव."

परत फिरवलं. परत त्याच्या पाळीला हात रिकामा गेला आणि परत काकू म्हणाल्या, "हा बघ." आम्ही ते तीनचार वेळा केलं. गरज एकदाचीच होती. मग काकू पाटावरून उठल्या, गुडघे धरून उभ्या राहिल्या आणि आमच्या शेडमध्ये पहिल्यांदाच आल्यासारख्या सगळीकडे बघू लागल्या. मी चहा टाकला. त्या पायरीवर बसल्या. मुलाला एक खोली आहे मुंबईत, त्याची बायको चांगली आहे, पण बोलावतात कधीतरी, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुझा टेप इकडे ऐकू येतो हो मला. एकच माणूस बोलत असतो." चहा पिऊन पाट घेऊन त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतताना मी गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींना म्हटलं, "तिसरा सिलिंडर हवा धरत नाही. सायलेन्सरमधून निघते."

मिस्त्री फडक्याला हात पुसत उभे राहिले. "कुणी सांगितलं?"

"ह्यांनी."

"आले साहेब?"

"नाही. कॅसेट आली."

ते हसले नाहीत. त्यांनी तिसरा प्लग काढून आत थोडं ऑइल सोडलं आणि स्वतः हँडल फिरवलं. ऑइल टाकल्यावर हँडल अडायला लागलं असतं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं समजायचं, त्यांनी सांगितलं. नाही अडलं. "मग व्हॉल्व्हच. साहेब बरोबर आहेत. इंजिनचं वरचं हेड उतरवायला लागेल. गाडी ठेवून जा बाई."

आठवडाभर मी पुन्हा एसटीने गेले. गाडी आणायला गेले तेव्हा मिस्त्रींनी जुना व्हॉल्व्ह दाखवला. छत्रीसारखं त्याचं तोंड आणि एका कडेला जळून गेलेला तुकडा, पापडाचा कोपरा मोडावा तसा. एवढ्याशा खाचेतून सगळा जोर जात होता. "प्लग बदलून काय होणार होतं," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. त्या संध्याकाळी मी मुद्दाम शाळेच्या वाटेवर त्या चढापर्यंत गेले. गाडी एका दमात वर गेली. वर सड्यावर गवत वाळून पिवळं झालं होतं, लांब समुद्राची रेघ दिसत होती. हे कुणाला तरी लगेच सांगावंसं वाटलं. मग गाडी वळवून घरी आले.

बऱ्या झालेल्या इंजिनाचा आवाज मी भरून पाठवला. त्याच्या शेवटी काही म्हटलं नाही. ह्यांचं उत्तर आलं त्यात गाडीबद्दल एकच वाक्य होतं, "आता बरोबर आहे." बाकी नेहमीचंच, हवा, बंदर, जेवण. थांबणं नव्हतं. ह्यांना थांबायला लावावं असं काम आता माझ्याकडे नव्हतं. जुनी कॅसेट मात्र मी पुसली नाही. कधी कधी संध्याकाळी ती लावायचे आणि ह्यांच्या बोलण्याच्या मधल्या जागा ऐकायचे.

हे एप्रिलमध्ये सुट्टीवर आले. अंगाने थोडे सुकले होते. पहिल्या दिवशी बॉनेट उघडून इंजिन ऐकलं, मान हलवली. एक दिवस गणपतीपुळ्याला गेलो. मी चालवत होते, हे शेजारी, जाताना आणि येतानाही गप्प. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "टेपवर इतकं बोलता. इथे का नाही बोलत?"

ह्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "तिथे तू दिसत नाहीस. म्हणून बोलावं लागतं. समोर असलीस की मला वाटतं, तुला सगळं समजतंच आहे."

"नाही समजत."

"हं," हे म्हणाले. पुढच्या वळणावर माझ्या हातावर हात ठेवला, गिअर बदलायच्या वेळी काढून घेतला. त्यानंतर घरापर्यंत ह्यांनी मला बोटीवरच्या एका म्हाताऱ्या फिटरबद्दल सांगितलं, जो रोज झोपताना आपल्या गावातल्या घरांची नावं ओळीने म्हणत असे. ती गोष्ट अडखळत, मध्येच सोडत, पुन्हा धरत सांगितली. ह्यांना जमत नव्हतं, पण सांगितली.

मेच्या शेवटी बोटीच्या कंपनीचं पत्र आलं आणि हे निघाले. मी एसटी स्टँडवर सोडायला गेले. मुंबईच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटताना हे काहीतरी म्हणाले, ते आवाजात कळलं नाही. मी मान हलवली.

शाळेला अजून सुट्टी होती. काकूही पावसाळ्यापुरत्या मुलाकडे गेल्या, त्यांच्या दाराला कुलूप लागलं, कुंपणाचं फाटक वाऱ्याने वाजू नये म्हणून मी सुतळीने बांधलं. मला कुठे जायचं नव्हतं. तरी रोज सकाळी शेडमध्ये जाऊन मी गाडी सुरू करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. इंजिन गरम होईपर्यंत आत बसायचे. चारही सिलिंडर नीट चालायचे. मग बंद करून घरात यायचे.